सहाशे बारावी ओळ

शेवगाव,
३ फेब्रुवारी २०२५

आरती,

काल आईचं तेरावं झालं. मोठी मावशी, तुझी आई, दहाव्याला येऊन गेली, तू आली नाहीस. कामाची गर्दी असेल, असं ती म्हणाली. मी रागावलेले नाही. फोन करणार होते, पण तुझा आवाज ऐकला की मला रडू फुटेल आणि विचारायचं ते राहून जाईल, म्हणून लिहायला बसले.

तुला कसं झालं ते नीट कोणी सांगितलं नसेल. २१ जानेवारीला सकाळी दहाच्या सुमारास देवळालीच्या शिवारात उसाची ट्रॉली भरणं चाललं होतं. आई डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून चढत होती. फळी सरकली. खाली ट्रॉलीचं चाक होतं आणि त्याच वेळी ट्रॅक्टर हलला. नाना वर मोळ्या लावत होते, त्यांनी वरून पाहिलं. ते अजून नीट जेवत नाहीत.

आता कामाचं. तिसऱ्या दिवशी नाना आणि हनुमंत मुकादम संस्थेच्या ऑफिसात गेले. मजूर पुरवणारी ही संस्था, जिचं कॉम्प्युटरचं काम तुझ्याकडे आहे, तीच. तिथले काकासाहेब म्हणून सुपरवायझर आहेत. त्यांनी कॉम्प्युटर उघडला, दोन ठिकाणी दाबलं आणि म्हणाले, "ही बाई आमच्या यादीत न्हाई. यादीत न्हाई तर कामावर न्हाई." मग आई तिथे काय करत होती, असं नानांनी विचारलं. तर म्हणे, नवऱ्याबरोबर आली असेल, पाव्हण्यासारखी.

आरती, आई बावीस हंगाम ऊसतोडीला गेली. मी तिच्या पाठीवर बांधून गेलेले आहे. भरपाई मिळो न मिळो, ती कामावर असताना गेली एवढा एक कागद मला पाहिजे. ते यादीचं झाड का काय ते तूच बनवलंयस, मावशी किती कौतुकाने सांगत असते. त्यात आईचं नाव आहे का, बघून कळव.

तुझी,
ज्ञानेश्वरी


राहाता,
९ फेब्रुवारी २०२५

प्रिय ज्ञानू,

तुझं पत्र वाचून दिवसभर हात चालला नाही. लंकामावशीच्या हातची बाजरीची भाकरी आणि वर तेल-तिखट, अजून जिभेवर आहे. मी यायला हवं होतं. नव्या हंगामाच्या कराराची बोलणी नेमकी त्याच आठवड्यात होती. माफ कर.

तू सांगितलंस तसं मी लगेच बसून पाहिलं. तुला उगीच शंका राहू नये म्हणून ते कसं चालतं तेही सांगते, अवघड नाही.

संस्थेकडे मजुरांची यादी सपाट असते. सपाट म्हणजे एकाखाली एक नुसत्या ओळी. प्रत्येक ओळ अशी: देवळाली गट/हनुमंत मुकादम/बिभीषण. अशा बाराशे चाळीस ओळी. असली यादी वाचून कोणाच्याच डोळ्यांपुढे काही उभं राहत नाही. म्हणून मी जावास्क्रिप्टमध्ये एक प्रोग्रॅम लिहिला. तो प्रत्येक ओळ तिरप्या रेघेवर तोडतो. पहिला तुकडा घेतो आणि पाहतो, या नावाची फांदी आधीच आहे का? असली तर तिच्यात शिरतो, नसली तर नवी काढतो. मग त्या फांदीच्या आत दुसरा तुकडा, त्याच्या आत तिसरा. ओळ संपली की तिथे शेवटाची खूण करतो. सगळ्या ओळी अशा वाचून झाल्या की सपाट यादीचं झाड होतं. स्क्रीनवर गटाच्या नावापुढे छोटा बाण दिसतो. तो दाबला की गटातले मुकादम उघडतात, मुकादमावर दाबलं की त्याचे कोयते, म्हणजे तोडणारी माणसं. कोयत्याला बाण नाही, कारण तिथे झाड संपतं.

मी स्वतः देवळाली गट उघडला, हनुमंत मुकादम उघडला. काका, म्हणजे तुझे नाना, आहेत: बिभीषण. मावशीचं नाव नाही, ज्ञानू. इतर गटही उघडून पाहिले. ओळींपेक्षा स्क्रीनवर अकरा नावं कमी भरतात, पण ते दुबार आलेल्या ओळींमुळे असणार. मुकादम लोक यादी कशी पाठवतात, तुला ठाऊकच आहे.

काकासाहेबांनी माझ्याकडे त्या फांदीचा प्रिंट सहीनिशी मागितला होता, चौकशीसाठी. मी दिला. जे दिसतं तेच दिलं. तू वाईट वाटून घेऊ नकोस. काकांना जप.

तुझीच,
आरती


शेवगाव,
२० फेब्रुवारी २०२५

आरती,

तुझं पत्र तीनदा वाचलं. समजावून छान सांगतेस, मान्य. आमच्या अंगणवाडीतल्या पोरांना सांगतात तसं. पण एक गोष्ट तुला कोणी सांगितली नाही वाटतं. राहात्याला बागायत, तिथे ऊस तोडायला माणसं येतात. आमच्याकडून ती जातात. म्हणून तुला माहीत नसेल असं धरून लिहिते.

कोयता म्हणजे एक माणूस नव्हे. कोयता म्हणजे नवरा-बायको, दोघं मिळून एक. नाना तोडतात, आई पाचट काढते, मोळी बांधते, डोक्यावर वाहते. एकटा माणूस गेला तर त्याला अर्धा कोयता म्हणतात आणि मुकादम त्याला दारात उभा करत नाही. आता तुझ्या झाडात बघ. नानांच्या नावापुढे कोयता आहे की अर्धा कोयता? अख्खा असेल तर उरलेला अर्धा कोण होता ते तुझ्या प्रोग्रॅमला विचार. कोयत्यापाशी झाड संपतं म्हणतेस. ते तिथे संपत नाही, आरती, तिथे दोन माणसं राहतात.

दुसरं. परवा मी हनुमंत मुकादमाच्या घरी गेले होते. त्याची सून मोनिका, तिने यंदाची यादी मोबाईलवर टाईप केली. लग्नाआधी चार हंगाम तिने स्वतः तोडणी केलीय. ती म्हणाली, "ताई, मी बायांची नावं घातलीत. नवऱ्याच्या नावापुढं रेघ मारली आन् बाईचं नाव. आमच्या टोळीतल्या समद्या अकरा बायांची." आधी अकरा कोयत्यांच्या ओळी, मग त्याच नावांपुढे रेघ मारून अकरा बायांच्या ओळी, अशी तिने पाठवली.

अकरा, आरती. तुझ्या पत्रातही अकरा आहेत. तू त्यांना दुबार म्हणालीस.

मला प्रोग्रॅम कळत नाही. पण माझ्या रजिस्टरात प्रत्येक बाळापुढे आईचं नाव असतं आणि एक नाव कमी भरलं तर मी घरी जाऊन बघून येते. तू एवढंच कर. झाड बाजूला ठेव, ती सपाट यादीच उघड आणि ओळी वाच. कोयता उघडून बघ. चौकशी १० मार्चला आहे.

ज्ञानेश्वरी


राहाता,
२ मार्च २०२५

प्रिय ज्ञानू,

तुझा राग मी समजू शकते. त्या जागी मी असते तर मीही असंच लिहिलं असतं.

मी पुन्हा तपासलं. झाड संस्थेने सांगितलं त्याच पद्धतीने बांधलेलं आहे: गट, मुकादम, कोयता, या तीन पायऱ्या. त्यांच्या कागदावर तसंच लिहिलेलं आहे आणि त्या कागदावर त्यांचा शिक्का आहे. चौथी पायरी त्यात बसत नाही. मोनिकाने काय टाईप केलं आणि काय केल्यासारखं तिला वाटतं, हे मी कशी सांगू? मोबाईलवर टाईप करताना माणसं हजार चुका करतात. मूळ यादी माझ्या एकटीच्या मालकीची नाही, ती अशी कोणालाही दाखवता येत नाही.

तू माझी बहीण आहेस म्हणून एक सांगते. चौकशीत फार ताणू नका. काकासाहेब वाईट माणूस नाही. मी त्यांच्याशी बोलले आहे, माणुसकी म्हणून ते काहीतरी करायला तयार आहेत. काकांचं वय झालं. ऑफिसांच्या पायऱ्या चढून मावशी परत येणार आहे का? ती गेली हे खरं, बाकी कागदाचं काय घेऊन बसायचं. आईही असंच म्हणते.

तब्येतीची काळजी घे. उन्हाळ्यात राहायला ये.

तुझी,
आरती


शेवगाव,
१४ मार्च २०२५

आरती,

चौकशी झाली. तुला कळलंच असेल, तरी सांगते, कारण तू तिथे नव्हतीस आणि तरी होतीस.

खोलीत भिंतीला मोठा टीव्ही लावलेला. त्यावर काकासाहेबांनी तुझं झाड उघडलं. देवळाली गट, बाण. हनुमंत मुकादम, बाण. बिभीषण. तिथे बोट ठेवून दोनदा दाबलं, काही उघडलं नाही. "बघा," म्हणाले, "मशीन खोटं बोलतंय का?" मग तुझा प्रिंट फिरवला. खाली तुझी सही होती, इंग्रजीत, शेपटी ओढलेली. शाळेत असताना आपण दोघींनी मिळून ती सही बसवली होती.

नाना उठले. त्यांना बोलता येत नाही असं नाही, पण खुर्च्यांपुढे त्यांचा आवाज जातो. म्हणाले, "सायब, मी एकटा आस्तो तर मला कोन घेतं? बावीस वर्सं आमी दोघं येक कोयता हाय. मी नुसता तोडतो. बांधून, डोक्यावर न्हेऊन गाडी भरायची ती." चौकशी समितीतले एक जण हनुमंत मुकादमाकडे वळले. त्याला पुढच्या हंगामाला पुन्हा संस्थेकडून काम पाहिजे. तो खाली बघत म्हणाला, "यादीत आसंल ते खरं." मोनिकाला त्याने घरीच ठेवलं होतं आणि तिच्या मोबाईलमधली यादी पुसून टाकली होती. टोळीतल्या बाकीच्या दहा बायांपैकी दोघी माझ्याबरोबर आल्या होत्या, रेश्मा आणि बनुबाई. त्यांना आत घेतलं नाही. कारण विचारशील तर, त्याही यादीत नाहीत.

निकाल एका ओळीचा आहे. 'मयत ही मजूर नसून मजुरासोबत आलेली नातेवाईक होती.' नानांना सही करायला सांगितली. त्यांनी केली. बाहेर येऊन मला म्हणाले, "मी काय लिव्हून दिलं गं?" मी वाचून दाखवलं. ते तिथेच पायरीवर बसले आणि तासभर उठले नाहीत.

माणुसकीचं म्हणालीस तर, हो, काकासाहेबांनी जाताना चहा पाजला.

मला उत्तर लिहू नकोस.

ज्ञानेश्वरी


राहाता,
२८ जून २०२५

ज्ञानू,

तू लिहू नको म्हणालीस तरी लिहिते आहे. साडेतीन महिने मी हे पत्र मनात लिहून फाडत आहे.

तुझं २० फेब्रुवारीचं पत्र मला २४ला मिळालं. त्यातला अकराचा आकडा वाचला. त्याच दुपारी मी मूळ यादी उघडली. झाड नाही, सपाट यादी. सहाशे एक नंबरच्या ओळीवर काका आहेत: देवळाली गट/हनुमंत मुकादम/बिभीषण. आणि सहाशे बारा नंबरची ओळ अशी आहे: देवळाली गट/हनुमंत मुकादम/बिभीषण/लंकाबाई.

मोनिका खरं बोलत होती. सगळ्या अकरा बायका तिथे आहेत.

चूक माझी होती. काकांची ओळ आधी आली, ती 'बिभीषण'वर संपली, म्हणून प्रोग्रॅमने त्या नावावर शेवटाची खूण केली. मग मावशीची ओळ आली. ती तोडली गेली, बिभीषणच्या फांदीत शिरली, आत लंकाबाई नावाची नवी फांदी निघालीसुद्धा. म्हणजे झाडात मावशी पहिल्या दिवसापासून होती. पण स्क्रीनवर काढताना मी असं लिहून ठेवलं होतं की, ज्याच्यावर शेवटाची खूण आहे त्याच्या आत बघायचं नाही, बाण काढायचा नाही. कोयत्याच्या आत काही असू शकतं हे माझ्या डोक्यातच आलं नाही. शिकाऊ पोरंसुद्धा हे तपासतात: जी ओळ एकीकडे संपते तीच दुसऱ्या ओळीची सुरुवात असू शकते. दोन शब्द बदलले की दुरुस्त होतं. मी पाच मिनिटांत केलं. बाण आला, दाबला, मावशीचं नाव उघडलं.

तेव्हा मी रडले, ज्ञानू. आणि दुसऱ्या दिवशी, २५ फेब्रुवारीला, काकासाहेबांकडे गेले. म्हणजे चौकशीच्या तेरा दिवस आधी. दुरुस्त केलेलं झाड त्यांना दाखवलं. त्यांनी शांतपणे बघितलं आणि म्हणाले, "मॅडम, तुम्हीच सहीचा प्रिंट दिलाय ना? मग आता ह्यो बाण कुठून आला, आसं समितीनं विचारलं तर काय सांगाल? तुमच्या झाडावर भरवसा ठेवून आमी साऱ्या गटांची कामं चालवतो. ते चुकतं म्हणल्यावर करार कसा द्यायचा?" मग म्हणाले, "जे झाड मंजूर झालंय तेच ऱ्हाऊ द्या."

मी घरी आले आणि ते दोन शब्द परत होते तसे केले.

त्यानंतर पाच दिवसांनी तुला २ मार्चचं पत्र लिहिलं. त्यात प्रत्येक वाक्य असं बसवलं की उघड खोटं वाटू नये. 'मी पुन्हा तपासलं' हे खरंच होतं. आई असंच म्हणते, हे मात्र साफ खोटं. तिला मी विचारलंही नव्हतं. करार मला मिळाला. त्याच्यावर मी राहात्यात नवं ऑफिस घेतलं आणि उद्घाटनाला आईने मावशीचा फोटो आणून भिंतीला लावला. मी तो रोज समोर बघते.

यासोबत मूळ यादीच्या त्या पानाचा प्रिंट आहे. ओळीखाली मी रेघ मारली आहे. तुला जे करायचं ते कर, पण माझं नाव न घेता करता आलं तर बघ. माझ्याकडे सहा मुली कामाला आहेत. आणि जमलं तर मला माफ कर. आपण एका ताटात जेवलेल्या बहिणी आहोत.

आरती


शेवगाव,
१९ जुलै २०२५

आरती,

पत्र आणि पान दोन्ही मिळालं.

आधी पानाबद्दल. ते घेऊन मी नगरला वकिलाकडे गेले. राधाकृष्ण म्हणून आहेत, म्हातारे, भले. त्यांनी चष्म्यातून ओळ वाचली, मग पान उलटून पाहिलं. म्हणाले, बाई, यावर शिक्का नाही, सही नाही, तारीख नाही, असं पान कोणीही घरी बसून छापील. मी संस्थेत जाऊन मूळ यादी मागितली. तिथे आता बाराशे एकोणतीस ओळी आहेत. अकरा दुबार ओळी मेमध्ये काढून टाकल्या, असं काकासाहेब म्हणाले, तेही तुझ्या जुन्या पत्रातलाच शब्द वापरून. कोणी काढल्या ते मी विचारलं नाही. तूच काढल्या असशील तर मला सांगू नकोस, माझ्याच्याने आता ते ऐकवणार नाही.

तू माफी मागितलीस. मी प्रामाणिकपणे करून बघितली, होत नाही. चूक झाली असती तर मी तुला त्याच दिवशी माफ केलं असतं. चूक कोण करत नाही. पण तुला आई दिसली. अख्ख्या जगात तुझ्या एकटीलाच दिसली, ते नाव उघडून तू रडलीस आणि रडून झाल्यावर बोटाने मिटवलंस. फळी सरकली तो अपघात होता. हे दुसरं जे झालं, त्याला मला शब्द सापडत नाही. नाना रोज त्या कागदाची घडी उघडून विचारतात, 'नातेवाईक' म्हणजे कुठल्या नात्याने. काय सांगू त्यांना?

तुझ्याकडच्या सहा मुलींचं लिहिलंस. हनुमंतच्या टोळीत अकरा बाया होत्या. रेश्माला सातवा महिना आहे आणि ती ऑक्टोबरात पुन्हा जाणार आहे. यादीत ती अजून कोणीच नाही.

वकिलांनी विचारलं, दुसरं काही लिखित आहे का, ज्याच्यावर नाव-गाव, तारीख, सही असेल? मी तुझं २८ जूनचं पत्र त्यांच्यापुढे ठेवलं. त्यांनी ते दोनदा वाचलं. मग विचारलं, ही तुमची कोण? मी सांगितलं. ते म्हणाले, विचार करून सांगा, घरातलं पत्र आहे. नानाही म्हणाले, "पोरीचं नाव घ्यायलाच पायजे का? लंकीची भाची हाय ती." मी चार दिवस विचार केला.

पत्र अपिलाला जोडलं आहे. आधीची दोन्हीही जोडली आहेत, म्हणजे क्रम नीट लागेल. तुला न विचारता केलं.

सुनावणी १८ ऑगस्टला सकाळी साडेदहाला नगरला आहे. साक्षीसाठी तुला नोटीस येईल, ती घरच्या पत्त्यावर जाईल. येताना मोठ्या मावशीला घेऊन ये. परवा तिचा फोन आला होता. म्हणत होती, "आरतीनं तुमच्यासाठी लई पळापळ केली गं, पन कुनी ऐकलं न्हाई तिचं." मी हो म्हणाले. तिथे तुझी पत्रं मोठ्याने वाचतील, तेव्हा ती ऐकेलच.

ज्ञानेश्वरी